सालीवरचा कळप

१

दुपारचं जेवण झालं की प्रल्हाद आरामखुर्चीत आणि मी वाडीत, असा आमचा निवृत्तीनंतरचा करार आहे. ते तोंडावर पेपर घेऊन झोपतात आणि मी गळ्यात भिंग अडकवून झाडांची खोडं बघत फिरते. काळ्या दोरीत ओवलेलं हे भिंग मी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हापासूनचं आहे. विनयाच्या गळ्यात मंगळसूत्रापेक्षा भिंगच जास्त असतं, असं प्रल्हाद येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना सांगतात. ते खरंच आहे.

लोकांना पक्षी आवडतात, फुलपाखरं आवडतात. मला खोडावरचे जीव आवडतात, तेही तांदळाच्या कणीएवढे. त्यात काय बघायचं असं कुणी विचारलं तर मी भिंग पुढे करते. बहुतेक जण एकदा बघतात आणि दोन पावलं मागे सरतात. ज्याचं नाव माहीत नाही त्याची माणसाला भीती वाटते आणि नाव कळलं की ती निम्मी होते, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. त्यामुळे नाव कळेपर्यंत मी कुठल्याही किड्याचा पिच्छा सोडत नाही. कॉलेजात यावरून मला हसायचे आणि मी त्यांना हसू द्यायची.

आमची वाडी वसई गावाजवळ, होळी नावाच्या भागात आहे. केळी, सोनचाफा, थोडी पानवेल आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. बावखलाच्या काठाने माड आहेत. त्यातला सगळ्यात उंच माड प्रल्हादांचा. सासऱ्यांनी चढायला शिकवलं ते त्याच्यावर आणि खोडावरच्या खाचाही प्रल्हादांच्या पावलांच्या अंतराने पाडलेल्या. आठवडाभर मुंबईला विम्याच्या ऑफिसात बसणारा हा माणूस रविवारी सकाळी कमरेला कोयता लावून त्या माडावर जायचा. दुसऱ्या कुणाला त्यावर चढू देत नसत. वरून हाका मारून काय काय दिसतंय ते मला सांगत आणि मी खाली जीव मुठीत धरून उभी असे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट घातली. डॉक्टरांनी जिने चढायलाही जपून सांगितलं, माडाचं तर नावच नको. मी त्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून त्यांना शपथ घ्यायला लावली. त्यांनी ती पाळली. फक्त तेव्हापासून ते त्या माडाकडे मान वर करून बघेनासे झाले. मला एकच भीती होती: मी बाजारात गेलेली असताना एक दिवस हा माणूस वर चढेल आणि मला खाली सापडेल.

त्याच माडाच्या खोडावर, पावसाळा सरल्यावर, मला तो कळप दिसला.

२

बावखलाकाठची खोडं दिवाळीपर्यंत ओली असतात. सालीवर शेवाळ धरतं, दगडफुलाचे करडे ठिपके उठतात. ते खात तो कळप चरत होता. माझ्या गुडघ्यापासून डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत सगळं खोड त्यांनी झाकलं होतं. लांबून पाहिलं तर सालीला राखी लव आली आहे असं वाटावं. भिंगातून बघितलं तर फुगीर कपाळ, केसासारख्या लांब मिशा, पोटावर पिवळे-काळे पट्टे आणि मोठ्यांच्या पाठीवर छपरासारखे मिटलेले पंख. सगळे एकमेकांना खेटून, डोकी वर करून उभे होते.

मी बोट टेकवलं. बोटाभोवतीचे सगळे एकदम बाजूला सरले आणि साल उघडी पडली. बोट काढल्यावर जरा वेळाने ती जागा पुन्हा भरली. गुरांच्या कळपातून माणूस चालत गेल्यावर होतं तसंच. मला मोठी गंमत वाटली. मग मी अख्खा तळवा टेकवून काढला आणि कळपात उमटलेला माझा पंजा, बोटांसकट, हळूहळू बुजताना पाहिला.

हा जीव आमच्या वाडीत मी कधी पाहिला नव्हता. मोबाइलवर फोटो काढून इशिताला पाठवले. इशिता माझी जुनी विद्यार्थिनी, बंगळुरूला एका संस्थेत कीटकांवर काम करते. फोटोवरून सांगता येणार नाही, स्पिरिटमध्ये घालून नमुने पाठवा, असं तिचं लगेच उत्तर आलं. मी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट भरून आणलं, मऊ कुंचल्याने थोडे जीव आत सोडले आणि बूच लावत होते. तेव्हा खोडावर साल उघडी पडली.

माझे दोन्ही हात बाटलीवर होते. खोडाजवळ दुसरं कुणी नव्हतं. माझ्या छातीच्या उंचीवर कळप बाजूला सरला आणि एक पंजा उमटला. खोडाच्या दुसऱ्या अंगाला दुसरा. मग खालच्या खाचेतले जीव पांगले, पाऊल ठेवावं तेवढेच. मग पहिला पंजा बुजला आणि तसाच वीतभर वर उमटला. असं माझ्या डोक्याच्या जरा वरपर्यंत गेलं आणि थांबलं.

डावीकडच्या पंजाचं पहिलं बोट अर्ध्यावर संपत होतं. तेवढ्या जागेतले जीव शांतपणे चरत होते.

३

मी घाबरले नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण शिक्षकी पेशात माणूस घाबरल्यावर आधी कारणं मांडायला लागतो, तशी मी मांडली. वारा असेल. झावळीची सावली हलली असेल. खोडाच्या आत मुंग्या किंवा भुंगा असेल आणि त्याच्या कंपाने कळप सरला असेल. अर्ध्या बोटाचं काय, तर माणसाला ढगातही गणपती दिसतो. हे सगळं मनाशी बोलत मी घराकडे निघाले होते आणि पाय मात्र भराभर पडत होते.

प्रल्हाद ऐन तारुण्यात नारळ सोलत असताना कोयता निसटला आणि त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं. लग्नात अंगठी घालताना माझ्या मैत्रिणी त्यावरून कुजबुजल्या होत्या. तो हात मला डोळे मिटूनही ओळखता येतो.

ते खुर्चीत होते. पेपर तोंडावर, चपला खुर्चीखाली, पंखा सुरू. मी पेपर उचलला तर गाढ झोपेत होते. कपाळ घामाने डबडबलेलं आणि छाती चढण चढल्यासारखी वरखाली होत होती. मी हाक मारली तसे जागे झाले आणि छान झोप लागली म्हणाले. मी तशीच मागे बावखलावर गेले. खोड खालपासून वरपर्यंत पुन्हा भरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बैठकीत बसवून पत्ते खेळायला लावले. ते जागे होते तोवर मी मधूनमधून मागच्या दारातून डोकावत होते. कळप नुसता चरत होता. माझा डाव चालू असताना त्यांचा डोळा लागला, आणि मी दारात जाऊन बघते तर पंजे निघाले होते. त्या दिवशी ते आदल्या दिवसापेक्षा वर गेले. पुढे हे रोजचंच झालं. ते झोपले की पंजे चढत, जागे झाले की जिथे असतील तिथे बुजून जात, आणि प्रत्येक दुपारी जरा आणखी वर.

४

ज्युली आमची शेजारीण. भिंतीपलीकडे तिचं बैठं घर आहे आणि गच्चीवर, आमच्याकडून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, पाण्याची टाकी. एका संध्याकाळी चहा पिताना प्रल्हाद सहज म्हणाले, "ज्युलीला सांग, टाकीचं झाकण पडलंय. कबुतरं आत जातील."

आमच्या बैठकीतून फणसाच्या झाडापलीकडचं काही दिसत नाही. हे दिवसभर घराबाहेर पडले नव्हते. मी ज्युलीला फोन लावला. ती कुरकुरत वर गेली आणि फोन न ठेवताच ओरडली की अगं खरंच की, एक पीस पण पडलंय पाण्यात. तुला कसं कळलं, असं तिने विचारल्यावर मी कावळ्यांच्या गोंगाटाचं काहीतरी सांगितलं. थापा मारायची मला सवय नाही, त्यामुळे ही थाप मला बराच वेळ बोचत राहिली.

प्रल्हादांना मी तेच विचारलं, तेव्हा ते गोंधळले. कुठेतरी पाहिलं असेल म्हणाले. पुढच्या दुपारी उठल्यावर त्यांनी किल्ल्याजवळच्या झाडांवर बगळे बसलेत असं सांगितलं. त्याच्या पुढच्या दुपारी खाडीला भरती आहे म्हणून सांगितलं. तोवर पंजे इतके वर जाऊ लागले होते की मोबाइलचा कॅमेरा कितीही ताणला तरी ते मला नीट दिसत नसत.

एक गोष्ट सांगायलाच हवी. उठल्यावर त्यांच्या तोंडावर समाधान असायचं. दोन वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. तळवे लाल, श्वास फुललेला, आणि डोळ्यांत रविवारची सकाळ. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ हा माणूस झोपेत मोडत होता आणि मला भांडताही येत नव्हतं, कारण भांडणार काय, की तुमचे हात मला माडावर दिसले?

५

इशिताचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत होते. मनातून मला वाटत होतं की ती म्हणेल, मॅडम, हे काहीतरी वेगळंच आहे, आजवर कुणी न पाहिलेलं. मला तसं व्हायला हवं होतं. नवीन जीव असता तर त्याच्या नवीन सवयी मी मान्य केल्या असत्या.

ती म्हणाली की हे अगदी साधे आहेत. इंग्रजीत यांना बार्कलाइस म्हणतात, सालीवरचं शेवाळ आणि बुरशी खातात, झाडाला काही करत नाहीत, माणसाला तर नाहीच. काही जातींत असा कळप करून चरायची पद्धत असते. पुढे तिने जातीचं नाव सांगितलं आणि मी ते मनात घोळवून पाठ केलं. मग मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं की हे आपोआप बाजूला होतात का, म्हणजे कुणी हात लावला नाही तरी?

"नाही मॅडम," इशिता म्हणाली. "टेकलं की सरतात, काढलं की भरतात. त्यांना दुसरं काही येतच नाही."

मी तिचे आभार मानले आणि परातीत एकत्र झालेल्या वालाच्या साली आणि दाणे वेगळे करायला लागले. नाव कळलं होतं. तरी भीती निम्मी झाली नव्हती.

त्याच दुपारी प्रल्हाद नेहमीपेक्षा उशिरा उठले. मी तीनदा हाका मारल्या, खांदा हलवला, तेव्हा कुठे डोळे उघडले. छताकडे बघत ते स्वप्न सांगावं तसं म्हणाले, "शेंड्यात कुणीतरी आहे गं. हात देतंय."

कोण, म्हणून मी विचारलं. तोंड दिसत नाही, झावळ्यांत आहे, असं ते म्हणाले. हात मात्र चांगला लांब आहे, आज थोडक्यात राहिला. आणि त्यांनी आपला डावा हात वर करून, किती राहिला ते मला दाखवलं.

६

मी ठरवलं की हे इथेच थांबवायचं. कसं ते मला आमच्या वाडीनेच शिकवलं होतं. उंदीर आणि खारी माडावर चढून कोवळे नारळ कुरतडतात, म्हणून खोडाभोवती गुळगुळीत पत्रा ठोकतात. नख्या पत्र्यावर सरकतात आणि उंदीर खाली येतो. गेल्या दहा पिढ्यांत कुणी उंदराशिवाय दुसऱ्या कशासाठी पत्रा ठोकला नसेल, पण मला दुसरा उपाय सुचेना.

ॲन्सेल्म आमच्या भागातल्या सगळ्या वाड्यांतले नारळ पाडतो, पत्रेही तोच ठोकतो. प्रल्हाद सकाळी मासळी आणायला गेलेले बघून मी त्याला बोलावलं. त्याने शिडी लावली आणि शिडीच्या टोकावरून हात पोहोचेल तिथे, ज्युलीच्या गच्चीच्या उंचीला, रुंद पत्रा गुंडाळून खिळे मारले. खाली उतरल्यावर हात पुसत तो खोडाकडे बघत राहिला.

"बाय, यावर कोन चढतो?" त्याने विचारलं. "खाचा सगल्या घासून साफ हायत."

कुणी नाही, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. शिडी उद्या नेतो म्हणून तिथेच ठेवून तो गेला.

दुपारी प्रल्हाद झोपले आणि पंजे निघाले. मी खाली उभी राहून बघत होते. नेहमीच्या सवयीने भराभर वर गेले आणि पत्र्यापाशी थांबले. डावा पंजा बुजला, पण वर उमटला नाही. मग पत्रा वाजला. नखाने ताट वाजवावं तसा हलका, टिण टिण. खालच्या कडेने तो आवाज खोडाभोवती फिरला, एका बाजूने गेला, दुसऱ्या बाजूने आला. वाट शोधणाऱ्या माणसाची ती घाई मला ओळखीची होती. अंधारात चष्मा शोधताना प्रल्हाद असेच टेबल चाचपडतात.

मी घरात धावले. खुर्चीच्या दांडीवर त्यांची बोटं चाचपडत होती. मी त्यांना गदागदा हलवून उठवलं. बोटांच्या आतल्या बाजूला, चारही बोटांवर एका रेषेत, पातळ चिरा होत्या आणि त्यातून रक्त येत होतं. पेपरची कड लागली असेल, असं म्हणून ते हसले. मी हळद लावली. त्या चिरा पेपरच्या नव्हत्या आणि तो पत्रा मी सांगितल्यावरून बसला होता.

पत्र्याच्या कडा आतून दुमडून घ्याव्यात असं ठरवून मी पुन्हा बावखलावर गेले. मोबाइलचा कॅमेरा ताणून खालची कड पाहिली. मग, का कुणास ठाऊक, वरची पाहिली. पत्र्याच्या वरही कळप पसरलेला होता. आणि तिथे साल उघडी होती. दोन पंजे होते. त्यांची बोटं खाली होती.

डोकं खाली करून माडावरून कुणी उतरत नाही. बोटं खोडाला जवळजवळ वेढा घालतील एवढी लांब होती आणि प्रत्येक बोटाला आपल्यापेक्षा एक पेर जास्त होतं. प्रल्हाद घरात जागे होते. त्यांच्या रेडिओचा आवाज मला ऐकू येत होता. तरी ते पंजे बुजत नव्हते.

७

दुसऱ्या दिवशी मी त्यांना झोपू द्यायचं नाही असं ठरवलं. कडक कॉफी दिली, माळ्यावरचे डबे काढून पुसायला बसवलं. डबा पुसता पुसता त्यांची मान छातीवर पडली. हाका मारल्या, गालावर चापट मारली, पाणी शिंपडलं. छाती वेगाने हलत होती आणि डोळे काही उघडेनात. मागून टिण टिण ऐकू आलं. या वेळी एका लयीत नव्हतं. एक आवाज उत्तर देत होता.

मी धावत जाऊन शिडीवर चढले. माझं वय बघता मी ते करायला नको होतं, पण त्या वेळी मला वयाचा विचार सुचला नाही. गळ्यातलं भिंग शिडीच्या पायऱ्यांवर आपटत होतं. वर पोहोचले तेव्हा प्रल्हादांचे दोन्ही पंजे पत्र्याच्या खाली अगदी माझ्या तोंडासमोर होते. पत्र्याची वरची कड बाहेर वाकली होती आणि खिळे निम्मे वर आले होते.

मी माझे हात त्यांच्या पंजांवर ठेवले. साल कोमट होती आणि तळव्याला घाम यावा तशी ओली. अर्ध्या बोटाच्या जागी माझ्या बोटाखालून कळप पळाला. मी हात घट्ट दाबले आणि म्हणाले, "अहो, खाली या. शपथ आहे माझी."

घरात डबा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रल्हादांनी माझ्या नावाने हाक मारली. ते जागे झाले होते. माझ्या हातांभोवती कळप भरून आला, फक्त माझ्या तळव्यांएवढी जागा सोडून. मला रडू आलं.

तेव्हाच एक खिळा निसटून बावखलात पडला. पत्र्याच्या खाली कळप दुभंगला. आधी बोटांची टोकं, मग पेरं, मग तळवा. दोन्ही पंजे माझ्या हातांच्या दिशेने खाली येऊ लागले, घाई न करता. मला हात काढता आले असते. पण खाली आमचं घर होतं आणि मागच्या दारातून चपला न घालता प्रल्हाद येत होते. मी हात काढले नाहीत. माझ्या आणि त्या बोटांच्या मध्ये किड्यांची एक ओळ उरली. मग तीही बाजूला झाली.

मला काहीच जाणवलं नाही. ना थंड, ना गरम, ना दाब. कुणीतरी हात लावतंय हे मला दिसत होतं आणि हाताला कळत नव्हतं. आजवर मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

माझ्या घोट्याला कुणीतरी धरलं. प्रल्हाद होते. एका हाताने शिडी आणि एका हाताने माझा पाय धरून, या वयात काय हे, म्हणून ते ओरडत होते. मी पुन्हा वर बघितलं तेव्हा खोड सगळीकडे भरलेलं होतं.

८

त्यानंतर प्रल्हाद दुपारी साधे झोपतात. घाम नाही, धाप नाही, उठल्यावर किल्ल्याच्या बातम्या नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं. कीड बघायला शिडीवर चढले होते, एवढंच सांगितलं, आणि ते त्यांना सहज पटलं. कळप अजून चरतो आहे आणि ते लांब बोटांचे पंजे पुन्हा पत्र्याच्या वर गेले आहेत. मी रोज बघते.

मी दुपारी कधीच झोपत नाही, तो मला आळशीपणा वाटतो. पण मागच्या आठवड्यात पेपर वाचता वाचता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा प्रल्हाद चहा घेऊन समोर उभे होते. मी कप घेतला आणि म्हणाले, "ज्युलीच्या टाकीचं झाकण पुन्हा पडलंय."

बोलले आणि मला ऐकू आलं मी काय बोलले ते. प्रल्हाद हसले नाहीत. ते खाली बसले. तू झोपली होतीस म्हणून बावखलावर जाऊन बसलो होतो, असं म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उलटा केला. तळव्यावर सालीचा भुगा होता. खोडावर लहान पंजा होता, ते म्हणाले, आणि मनगटापाशी बांगड्या टेकतात तेवढी साल उघडी होती.

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे दोनदा माझा तळवा पुन्हा उलटून पाहिला. शेवटी माड पाडू या म्हणाले. ज्याच्यावर त्यांच्या बापाने त्यांना चढायला शिकवलं तो माड. मला त्यांची इतकी माया वाटली की मी त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिले. पण मी नाही म्हटलं. माड पाडला तर शेंडा जमिनीवर येईल, आणि शेंड्यात जे आहे तेही.

पत्र्याचे खिळे गंजत चालले आहेत, खाऱ्या हवेत दुसरं काय होणार. एक खिळा निसटला तेवढ्यावर ते खाली आलं होतं, आज ना उद्या अख्खा पत्रा पडेल. पडेल तेव्हा वरच्याने आपण होऊन खाली यावं आणि आम्ही दोघांनी गाफील असावं, हे मला मान्य नाही. त्यापेक्षा मी वर जाईन. प्रल्हादांना नुसता हात दिसला, तोंड दिसलं नाही, कारण ते वर जाऊन खाडी बघत होते, बगळे बघत होते. मला बघायचं कसं ते माहीत आहे. पायांपासून सुरुवात करायची, पेरं मोजायची, डोळे कुठे आहेत ते बघायचं, तोंड कसल्या प्रकारचं आहे ते बघायचं, आणि घाई करायची नाही.

"आणि उठली नाहीस तर?" प्रल्हादांनी विचारलं.

खोडावर उमटलेले माझे हात दाबून धरा आणि खाली बोलवा, मी सांगितलं. मी तसंच केलं होतं.

उद्या सकाळी ॲन्सेल्म पत्रा काढायला येणार आहे. प्रल्हादांची आरामखुर्ची आम्ही मागच्या दारात आणून ठेवली आहे, तिथून माड दिसतो. जेवण झालं की मी तिच्यात झोपणार आहे. भिंग गळ्यात असेल.